घोड्याचा पाय मोडला तर प्लास्टर का घालत नाहीत?

माणसाचा पाय मोडला की दीड-दोन महिने प्लास्टर, मग काठी, मग पुन्हा कामावर. घोड्याचा मोडला की मात्र बंदुकीची गोळी नाहीतर जीव घेणारं इंजेक्शन. असं का? घोड्यांच्या शर्यतींचा विषय निघाला की हा प्रश्न हटकून येतो, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात बहुतेक वेळा राग असतो. तो राग मला पटतो.

मला हा प्रश्न पडला तो इंग्लंडमध्ये. नोकरीनिमित्त काही वर्षं तिथं होते. जानेवारीतल्या एका शनिवारी मैत्रिणीबरोबर जवळच्या छोट्या रेसकोर्सवर उड्यांच्या शर्यती बघायला गेले होते. लांबच्या वळणावर एक तपकिरी घोडा कुंपणावरून उतरताना नाकावर गेला, धडपडत उठला आणि तीन पायांवर उभा राहिला. चौथा पाय नुसता लोंबत होता. पाच-सहा माणसं हिरवे कापडी पडदे घेऊन धावत आली आणि घोडा दिसेनासा झाला. दुसऱ्या फेरीत बाकीचे घोडे तिथं आले, तेव्हा झेंडा दाखवून त्यांना कुंपणाच्या बाजूनं काढलं. थोड्या वेळानं विशीतली एक मुलगी चिखल तुडवत परत येताना दिसली. एका हातात लगाम, दुसऱ्या हातात खोगिराखालचं घामानं भिजलेलं कापड. घोडा नव्हता.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले, घोड्यांच्या डॉक्टरांना गाठून विचारत गेले, तबेल्यांत जाऊन पाहत गेले. त्यातून जे कळलं ते इथं सांगते.

आधी हा खेळ नेमका काय ते बघू. रेस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे महालक्ष्मी येते किंवा पुण्याचं रेसकोर्स. तिथल्या शर्यती सपाट, मध्ये अडथळे नाहीत. ब्रिटन, आयर्लंड आणि फ्रान्समध्ये याखेरीज उड्यांच्या शर्यती होतात. ब्रिटन-आयर्लंडमध्ये त्यांचा मुख्य मोसम हिवाळ्यात असतो, कारण तेव्हा जमीन ओली आणि मऊ असते. हे मूळचं आयर्लंडमधलं. १७५२ साली कॉर्क परगण्यात दोघांनी पैज लावली आणि बटव्हंटच्या चर्चपासून डोनरेलच्या चर्चपर्यंत, वाटेत ओढा, बांध, कुंपण जे येईल ते ओलांडत घोडे पिटाळले. चर्चचा उंच सुळका म्हणजे स्टीपल. त्यावर नजर ठेवून धावायचं, म्हणून स्टीपलचेस.

आज यात दोन मुख्य प्रकार आहेत. हर्डल म्हणजे साधारण १.०७ मीटर उंचीचे, धक्का लागला तर कलणारे हलके अडथळे. स्टीपलचेसची कुंपणं किमान १.३७ मीटर उंचीची, काटक्या दाबून भरलेली आणि जागची न हलणारी. अंतर तीन किलोमीटरच्या पुढेच. लिव्हरपूलजवळच्या एन्ट्री मैदानावरची ग्रँड नॅशनल तर जवळजवळ सात किलोमीटरची आणि ३० उड्यांची. घोड्याच्या पाठीवर जॉकी आणि खोगीर मिळून साधारण ६५ ते ७५ किलो वजन.

सपाट शर्यतीतला घोडा दोन वर्षांचा असताना धावायला लागतो. उडीचा घोडा चार-पाच वर्षांचा झाल्यावर या शर्यतींत येतो, आठ-नऊ वर्षांचा असताना ऐन भरात असतो आणि काही बारा वर्षांपर्यंत धावतात. यातले बहुसंख्य नर खच्ची केलेले असतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्याकडे परत यायचं आहे.

आता एक करून बघा. तळहात टेबलावर टेका. मग मनगट आणि तळवा वर उचला आणि फक्त मधल्या बोटाच्या टोकावर, खरं तर नखावर, हात उभा करा. बाकीची बोटं नाहीतच असं समजा. हा झाला घोड्याचा पुढचा पाय. आपण ज्याला त्याचा गुडघा म्हणतो ते त्याचं मनगट आहे. त्याखालची लांब, सरळ नळी म्हणजे आपल्या तळहातातलं एक हाड. खूर म्हणजे नख. मागच्या पायाचा जो सांधा उलटा वाकलेला दिसतो ती त्याची टाच.

म्हणजे सुमारे ५०० किलोचा प्राणी चार नखांवर उभा असतो. दौडताना एक क्षण असा येतो की सगळा भार पुढच्या एकाच पायावर पडतो आणि तो त्याच्या वजनाच्या अडीच पटीपर्यंत जातो. सव्वा टन, एका बोटावर. गुडघ्याखाली त्याला स्नायू जवळजवळ नाहीतच. हाड, त्याला बांधणाऱ्या दोऱ्या आणि वरून कातडी. पाय हलका असेल तर तो झटकन पुढे टाकता येतो, म्हणूनच घोडा एवढा वेगवान असतो. त्याचा कमकुवतपणाही तिथंच आहे. वेग आणि ठिसूळपणा एकाच बनावटीतून आले आहेत. त्याला आणखी दणकट पाय दिले असते तर तो घोडा राहिला नसता.

त्या दोऱ्यांतली सगळ्यात महत्त्वाची म्हणजे नळीच्या मागून खाली उतरणारा टेंडन, मराठीत कंडरा. दौडताना हा टेंडन स्प्रिंगसारखा ताणला जातो आणि सुटतो, ताणला जातो आणि सुटतो. घोड्याला वेग जो इतका स्वस्तात पडतो तो यामुळे. पण या टेंडनला राखीव ताकद फारशी नाही. भरधाव घोड्यात तो तुटण्याच्या सीमेजवळच काम करत असतो. सतत ताणला गेल्यानं आतून तापतो, गाभ्याचं तापमान ४५ अंश सेल्सियसपर्यंत जातं. रक्तपुरवठा बेताचा, त्यामुळे ती उष्णता लवकर निघून जात नाही. वय वाढतं तसे त्यातले तंतू झिजतात. मग एखाद्या दिवशी, थकलेला घोडा जड जमिनीवर उडीवरून उतरतो आणि त्यातले काही तंतू फाटतात.

तबेल्यात पहाटे सईस काय करतो ते एकदा पाहण्यासारखं आहे. दाणावैरण देण्याआधी तो घोड्यापाशी उकिडवा बसतो आणि गुडघ्यापासून खाली अंगठा आणि दोन बोटं फिरवत येतो. एक पाय, दुसरा पाय, पुन्हा पहिला. तो शोधत असतो ऊब. दोन पायांत केसभर फरक, एखाद्या जागी किंचित फुगीर लागणं. घोडा अजून लंगडत नसतो, मस्त उभा असतो, पण बोटांना कळतं. मी एका तबेल्यात तसा हात लावून पाहिला. मला काहीच कळलं नाही, दोन्ही पाय सारखेच वाटले. सईसानं माझा हात धरून एका जागी टेकवला आणि थांबायला सांगितलं. चार-पाच सेकंदांनी तिथली ऊब जाणवली. सोनोग्राफीत आत फाटलेलं निघालं. त्या घोड्याचा तो मोसम तिथंच संपला.

उडीच्या घोड्यांची कारकीर्द संपण्याचं फार मोठं कारण हे आहे. ते टीव्हीवर दिसत नाही, त्याची बातमी होत नाही. टेंडन भरून येतो, पण जी नवी जागा तयार होते ती व्रणाची असते, मूळच्याइतकी लवचिक नसते. सुरुवातीला थंड पाण्याच्या धारा आणि विश्रांती, मग महिनोन्‌महिने नुसतं चालवणं, मग हळूहळू दुडकी. ९ महिने ते दीड वर्ष यात जातं. मूळ पेशी टोचण्यासारखे नवे उपचारही करतात. तरी पुन्हा तिथंच, नाहीतर व्रणाच्या जरा वर-खाली फाटण्याचा धोका राहतोच. दहा वर्षांच्या घोड्याला दुसऱ्यांदा हे झालं की बहुतेक ट्रेनर म्हणतात, पुरे झालं.

आता हाडाकडे येऊ. हाड मोडतं ते पडल्यामुळे, असं आपल्याला वाटतं. पण बऱ्याच घोड्यांचं हाड पडण्याआधीच मोडलेलं असतं, ते पडतात ते त्यामुळे. दर दौडीत हाडाला अतिसूक्ष्म तडे जातात. शरीर ते बुजवतं आणि हाड त्या भाराला सरावतं. व्यायामाचा उपयोगच तो. पण तडे पडण्याचा वेग बुजवण्याच्या वेगापेक्षा वाढला की एक रेघ तयार होते, आणि एका दिवशी हाड त्या रेघेवर फाकतं. पाहणाऱ्याला वाटतं की क्षणात अपघात झाला. प्रत्यक्षात त्याची तयारी कित्येक आठवडे चाललेली असते. म्हणून घोडा किंचित जरी आखडला, तरी त्या दिवशी त्याला न पळवणं हा जीव वाचवायचा सगळ्यात खात्रीचा उपाय आहे.

आणि मोडल्यावर प्लास्टर का नाही? बारीक तडा असेल, हाडाचा छोटा तुकडा निघाला असेल, तर शस्त्रक्रिया होते, स्क्रू बसवतात आणि असे घोडे पुन्हा धावलेलेही आहेत. आयर्लंडचा आर्कल हा उडीच्या शर्यतींतला सर्वांत थोर घोडा मानला जातो. १९६४, ६५ आणि ६६ असा तीनदा त्यानं चेल्टनमचा गोल्ड कप जिंकला. १९६६च्या डिसेंबरात केम्प्टनला शर्यत सुरू असताना त्याच्या खुरातलं हाड मोडलं. तसाच धावत तो दुसरा आला. त्याचा पाय प्लास्टरमध्ये घातला होता आणि तो वाचलाही, फक्त पुन्हा कधी शर्यतीत उतरला नाही.

पण नळीचा चुरा झाला, हाड कातडी फाडून बाहेर आलं, तर गोष्ट वेगळी. तिथं झाकायला स्नायू नाही, रक्त कमी, जखमेत चिखल. आणि खरी अडचण हाडाची नाहीच, घोड्याच्या बाकीच्या शरीराची आहे. माणूस सहा आठवडे पलंगावर पडून राहू शकतो. घोडा नाही. तो फार काळ आडवा राहिला की स्वतःच्या वजनाखाली त्याचे स्नायू आणि फुप्फुसं चेपतात, आतडी मंदावतात, पोटशूळ उठतो. मुळात तो घाबरला की पळणारा प्राणी. भुलीतून जागा होतो तोच उठून पळायच्या धडपडीत आणि नुकतं जोडलेलं हाड पुन्हा मोडून घेऊ शकतो. म्हणजे त्याला उभं राहणं भाग. उभं राहायचं तर मोडक्या पायाचं ओझं दुसऱ्या पायावर येतं. खुराच्या आतलं हाड बारीक पापुद्र्यांनी खुराच्या भिंतीला टांगलेलं असतं. पाय वर-खाली होत राहिला तरच त्या पापुद्र्यांना रक्त मिळतं. एकाच पायावर दिवसेंदिवस भार राहिला की पापुद्रे सुजतात, सुटतात आणि हाड खुराच्या तळाकडे सरकू लागतं. याला लॅमिनायटिस म्हणतात. त्याच्याइतकं असह्य दुखणं घोड्याला क्वचितच दुसरं कुठलं होत असेल.

अमेरिकेतल्या बार्बरोची गोष्ट सपाट शर्यतीतली आहे, पण इथं ती सांगायलाच हवी. २००६ची केंटकी डर्बी त्यानं जिंकली. दोनच आठवड्यांनी पुढच्या शर्यतीत त्याचा उजवा मागचा पाय वीसहून अधिक ठिकाणी मोडला. मालकांनी पैशाकडे पाहिलं नाही. पेनसिल्व्हेनियातल्या नामांकित घोड्यांच्या रुग्णालयात धातूची पट्टी आणि २७ स्क्रू बसवले. भुलीतून उठताना धडपडू नये म्हणून त्याला तराफ्यात बसवून पाण्याच्या तलावात जागं केलं. मोडलेला पाय सावरू लागला. मग धडधाकट डाव्या मागच्या पायाला लॅमिनायटिस झाला, त्या खुराचा बराचसा भाग कापून काढावा लागला. पुढे पुढच्या दोन्ही पायांनाही तेच. २९ जानेवारी २००७ला त्याला कायमचं शांत केलं. आठ महिने जगातले उत्तम डॉक्टर त्याच्या उशाशी होते, आणि तो गेला तो न मोडलेल्या पायांमुळे.

म्हणून मैदानावरचा डॉक्टर जेव्हा काही मिनिटांत निर्णय घेतो, तेव्हा त्याच्यापुढे प्रश्न असतो तो पुढचे सहा महिने हा जीव कसा जगेल याचा. हिरव्या पडद्यांबद्दल लोकांना वाटतं की ते लपवण्यासाठी असतात. गर्दीला दिसू नये हा हेतू आहेच, नाही कशाला म्हणायचं. पण डॉक्टरांना शांतपणे काम करता यावं आणि घोडा बुजू नये हाही हेतू आहे. पडदे लागले म्हणजे घोडा गेलाच असंही नाही. कितीदा तरी घोडा नुसता दमकोंडी होऊन पडलेला असतो आणि दहा मिनिटांनी स्वतःच्या पायांनी पडद्यामागून चालत येतो.

उडीतलं पडणं हा वेगळा धोका, तो सपाट शर्यतीत नाही. ताशी ४०-४५ किलोमीटर वेगानं आलेला घोडा पुढच्या पायांत अडकून कोलमडला की मान किंवा पाठीचा कणा मोडू शकतो. डॉन रन ही आयर्लंडची घोडी. चॅम्पियन हर्डल आणि गोल्ड कप या दोन्ही मोठ्या शर्यती जिंकणारी ती एकमेव. १९८६च्या मार्चमध्ये तिनं गोल्ड कप जिंकला आणि जूनमध्ये पॅरिसच्या ओतॉय मैदानावर मान मोडून ती गेली. कधी घोड्याची चूक नसतेच. पुढचा पडतो आणि मागचा त्याच्यावर आदळतो, किंवा जॉकी पडलेला मोकाट घोडा आडवा येतो.

काही घोडे न पडताच जातात. बेस्ट मेटनं २००२ ते २००४ ओळीनं तीनदा गोल्ड कप जिंकला होता. १ नोव्हेंबर २००५ला एक्झिटरच्या मैदानावर जॉकीला जाणवलं की काहीतरी बिनसलंय, त्यानं घोडा थांबवला, खाली उतरला, आणि घोडा कोसळला. हृदय बंद पडलं असावं असं मानतात. मेनी क्लाउड्सनं २०१५ची ग्रँड नॅशनल जिंकली होती. जानेवारी २०१७मध्ये चेल्टनमला तो थिसलक्रॅक या घोड्याशी शेवटपर्यंत झुंजला, जिंकला आणि काही क्षणांत कोसळला. शवविच्छेदनात फुप्फुसातला मोठा रक्तस्राव निघाला. जोरात धावताना फुप्फुसातल्या नाजूक केशवाहिन्यांतून थोडं रक्त झिरपणं घोड्यांत फार सामान्य आहे. ते कधी जीवघेणं होईल हे आधी सांगता येत नाही.

आकड्यांचं बोलू. ब्रिटनमध्ये उडीच्या शर्यतींत हजार वेळा घोडे उतरले तर सरासरी चारच्या आसपास घोडे मरतात. सपाट शर्यतीत हे प्रमाण याच्यापेक्षा खूपच कमी आहे. रेसिंगची माणसं म्हणतात, हजारातले ९९६ सुखरूप परत येतात. खरं आहे. पण हा आकडा एका शर्यतीचा आहे, आणि घोडा एकदा धावून थांबत नाही. समजा तो आयुष्यात २० वेळा उतरला, तर याच दरानं गणित केलं की शंभरातले सात-आठ घोडे कारकिर्दीतच संपतात. प्रत्येक घोड्याचा धोका सारखा नसतो, म्हणून हे गणित ढोबळ आहे. तरी मला वाटतं, घोड्याच्या बाजूनं बघायचं तर असंच मोजायला हवं.

मग काही बदललं का? बदललं, आणि ते मान्य न करणं अन्यायाचं होईल. त्याची कहाणी ग्रँड नॅशनलच्या एन्ट्री मैदानावरच दिसते. बीचर्स ब्रूक हे तिथलं बदनाम कुंपण. १८३९मध्ये कॅप्टन मार्टिन बीचर तिथं ओढ्यात पडला, त्यावरून हे नाव. त्याचा सापळा असा की पलीकडची जमीन अलीकडच्यापेक्षा खोल. उडी मारताना घोड्याला ते कळत नाही, पाय टेकायच्या वेळी जमीन सापडत नाही. २०११ आणि २०१२ या दोन्ही वर्षी ग्रँड नॅशनलमध्ये दोन-दोन घोडे गेले. २०१२च्या दोघांतला सिंक्रोनाइज्ड तर नुकताच गोल्ड कप जिंकून आलेला. त्या काळात ती उतरणीकडची जमीन वर उचलली गेली. २०१३पासून कुंपणाच्या पोटातले लाकडी ओंडके काढून लवचिक प्लास्टिकच्या काटक्या भरल्या. वरून ते तसंच हिरवं दिसतं, पण घोडा पोटानं आदळला तर आता ते दबतं. २०१३ ते २०१८ या वर्षांत या शर्यतीत एकही घोडा गेला नाही.

मग २०१९मध्ये एक गेला, २०२१मध्ये एक, २०२२मध्ये दोन. २०२३मध्ये आंदोलक मैदानात घुसल्यामुळे शर्यत उशिरा सुटली आणि हिल सिक्स्टीन हा घोडा पहिल्याच कुंपणाशी पडून गेला. २०२४पासून ४० ऐवजी ३४ घोडेच उतरवतात आणि पहिलं कुंपण आधीपेक्षा ६० यार्डांनी सुरुवातीच्या रेषेजवळ आणलं आहे. अंतर कमी म्हणजे तिथं पोचेपर्यंत वेग कमी, एवढं साधं. त्या वर्षी ३२ घोडे धावले आणि एकही पडला नाही.

मला सगळ्यात आवडलेला बदल रंगाचा आहे. कुंपणाच्या पायाशी घोड्याला अंदाज यावा म्हणून फळी असते, ती वर्षानुवर्षं नारिंगी होती. माणसाला नारिंगी रंग हिरव्यावर उठून दिसतो, म्हणून. घोड्याच्या डोळ्याला मात्र नारिंगी आणि हिरवा वेगळे ओळखू येत नाहीत. म्हणजे इतकी वर्षं इशाऱ्याची खूण माणसाच्या डोळ्यांसाठी रंगवलेली होती आणि उडी घोडा मारत होता. एक्झिटर विद्यापीठातल्या संशोधकांनी घोड्याला काय दिसतं ते तपासलं, आणि २०२२मध्ये हा रंग बदलून पांढरा करायचं ठरलं.

तरी सगळं कुंपणाच्या बांधणीवर सोडता येत नाही. निकालाच्या तक्त्यात घोड्याच्या नावापुढे इंग्रजी अक्षरं असतात. एफ म्हणजे पडला, यू म्हणजे जॉकी पडला, पी म्हणजे जॉकीनं मध्येच थांबवला. पैसे लावणाऱ्यांना ‘पी’ बघून चीड येते. मला ते तक्त्यातलं सगळ्यात शहाणं अक्षर वाटतं. कुणीतरी पाठीवर बसून ऐकत होता, याच्यात आता काही उरलं नाही हे त्याला कळलं आणि तो थांबला. २०२५च्या ग्रँड नॅशनलमध्ये १३ वर्षांचा सेलेब्र दालेन हा घोडा शेवटाजवळ येईपर्यंत पुढे होता, मग एकाएकी गळाला आणि शेवटच्या कुंपणानंतर कोसळला. तीन दिवसांनी तो गेला. थकल्यावरही पुढे पळवत ठेवल्याबद्दल पंचांनी शर्यतीच्याच दिवशी जॉकीला दहा दिवसांची बंदी सुनावली होती.

यापुढचा भाग निवृत्तीचा, आणि माझं खरं म्हणणं इथं आहे. सपाट शर्यतीतला नामी घोडा निवृत्त झाला की पैदाशीला जातो. त्याची किंमत तेव्हा उलट वाढते आणि कोणीतरी त्याला जपतंच. उडीचा घोडा बहुधा खच्ची केलेला. शर्यत संपली की बाजारात त्याचं मोल जवळजवळ शून्यावर येतं. आणि घोडा तर २५-३० वर्षं जगतो. म्हणजे दहाव्या वर्षी ‘म्हातारा’ झालेल्या प्राण्याला पंधरा-वीस वर्षं कोणीतरी सांभाळायची असतात. चारा, नाल, डॉक्टर, जागा.

नावाजलेल्यांचं भलं होतं. रेड रम या घोड्याच्या खुराला असाध्य दुखणं होतं. ट्रेनर जिंजर मॅकेन त्याला साउथपोर्टच्या समुद्रकाठच्या वाळूत पळवायचा, खाऱ्या पाण्यात चालवायचा. रेड रमनं १९७३, ७४ आणि ७७ अशी तीनदा ग्रँड नॅशनल जिंकली. १९७८ला शर्यतीच्या आदल्या दिवशी पायामुळे त्याला मागे घेतलं, आणि तिथून पुढची सतरा वर्षं तो दुकानांची उद्‌घाटनं करत, लोकांकडून गाजरं खात जगला. १९९५मध्ये तिसाव्या वर्षी तो गेला. एन्ट्रीच्या विजयखांबापाशी त्याला पुरलं आहे. निवृत्तीतही सगळं हातात नसतंच. किंग जॉर्ज ही मोठी शर्यत पाच वेळा जिंकलेला कॉटो स्टार २०१५मध्ये कुरणात पडून जबर जखमी झाला आणि त्याला शांत करावं लागलं.

पण ज्यानं आयुष्यात दोन छोट्या शर्यती जिंकल्या आणि मग टेंडन गेला, त्याचं काय? ब्रिटनमध्ये २००० साली रिट्रेनिंग ऑफ रेसहॉर्सेस ही धर्मादाय संस्था सुरू झाली. निवृत्त घोड्यांना रपेट, पोलो, ड्रेसाज (शिस्तबद्ध चालींचा खेळ) अशा दुसऱ्या कामासाठी घडवायला ती मदत करते. निवृत्त घोडे कत्तलखान्यात पोचतात हे २०२१मध्ये टीव्हीवर दिसल्यावर लोक हादरले. २०२२च्या जानेवारीपासून नियम आला: ज्याच्या कागदपत्रांवर ‘माणसाच्या खाण्यासाठी नाही’ असं नोंदलेलं नाही, तो घोडा ब्रिटनमध्ये शर्यतीत उतरणारच नाही. चांगलं झालं. पण हा नियम घोडा कुठं गेला हे सांगत नाही. एका हातातून दुसऱ्या हातात, तिसऱ्या हातात विकला गेला की त्याचा माग हरवतो. मैदानावर मेलेल्या प्रत्येक घोड्याची नोंद होते. मैदान सोडून गेलेल्या प्रत्येकाची शेवटपर्यंत होत नाही. ती झाली पाहिजे, आणि तिचा खर्च बक्षिसांच्या आणि सट्ट्याच्या पैशातूनच निघाला पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियात २०२२पासून उडीच्या शर्यती होत नाहीत. ब्रिटन-आयर्लंडमध्ये त्या चालू राहणार असतील, तर घोड्याचं पूर्ण आयुष्य खेळाच्या हिशेबात धरावंच लागेल.

निवृत्त घोड्याला नुसतं कुरणात सोडून भागत नाही, हे मी प्रत्यक्ष पाहिलं. इंग्लंडमध्ये मी राहत होते त्या गावाजवळ एक बाई असे घोडे घडवायची. तिच्याकडे अकरा वर्षांचा एक घोडा आला होता. शर्यतीच्या घोड्यावर जॉकीला कोणीतरी उचलून बसवतं, तेही घोडा चालत असताना. त्यामुळे याला कोणी पाठीवर चढत असताना स्थिर उभं राहायचं असतं हेच माहीत नव्हतं. लगाम ओढला की तो थांबायचा नाही, त्याला टेकून उलट जोर धरायचा. त्याला तेच शिकवलेलं होतं. दाणा कमी केला, नाल काढले आणि एका संथ म्हाताऱ्या तट्टाबरोबर त्याला हिरव्यागार शेतात सोडलं. पहिले चार दिवस त्यानं गवताला तोंडसुद्धा लावलं नाही. पहाटे व्यायामाला नेण्याची वेळ झाली की फाटकाशी जाऊन उभा राहायचा, कान पुढे करून, रस्त्याकडे बघत. बाई रोज तिथं जायची, त्याच्या पुढच्या दोन्ही पायांवरून वरपासून खालपर्यंत हात फिरवायची आणि परत यायची. पाचव्या दिवशी मी गेले तेव्हा फाटकाशी कोणी नव्हतं. तो दूर ओढ्याकडच्या उतारावर तट्टाशेजारी चरत होता, पाठीला कोरडा चिखल लागलेला. रात्री कधीतरी लोळला होता.